फोन महाग की कार्ड? आधी पैसा निघतो कुठून ते पाहा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

नोकरी करणाऱ्या आणि घरखर्चाचा सगळा व्यवहार स्वतः पाहणाऱ्या एका वाचक महिलेचे हे पत्र आहे. गेली काही वर्षे त्या जवळजवळ सर्व देणी मोबाइलवरून देतात. त्यांचे निवृत्त वडील मात्र खिशातले कार्ड सोडायला तयार नाहीत. अलीकडे वडिलांनी या वाचक महिलेच्या क्रेडिट कार्डाचे मासिक विवरणपत्र वाचले. त्यात वॉलेटमध्ये पैसे भरल्याबद्दलचे शुल्क, बिल मुदतीत पूर्ण भरूनही लागलेले व्याज आणि परदेशी चलनातल्या एका वर्गणीवरचा अधिभार अशा तीन नोंदी आढळल्या. ‘मोबाइलचा सोस महागात पडतो,’ असे वडिलांचे मत झाले. वाचक महिलेचे म्हणणे असे, की मोबाइलवरून पैसे घेताना दुकानदार काहीच जास्त मागत नाही, उलट कॅशबॅक मिळतो. एका दुकानात तर कार्डावर दोन टक्के जास्त मागितले आणि मोबाइलवर काहीच नाही. त्या विचारतात, की यापुढे पैसे कायमचे कशाने द्यावेत आणि वडिलांना काय सांगावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वडिलांनी विवरणपत्रात जे पाहिले ते खरे आहे आणि दुकानात तुम्हाला जो अनुभव आला तोही खरा आहे. तरीही तुम्ही दोघांनी काढलेले निष्कर्ष परस्परांविरुद्ध आहेत. याचे कारण मला असे दिसते, की वाद फोन आणि कार्ड यांच्यात आहे हे तुम्ही दोघांनीही गृहीत धरले आहे. खर्च मात्र पैसा कोणत्या खात्यातून निघाला, मध्ये किती हातांतून गेला आणि तो तुमचा स्वतःचा होता की उसना, यावर ठरतो. हातात फोन होता की प्लास्टिक, याचा त्यात वाटा फार थोडा असतो. तुम्ही पत्रात ‘मोबाइलने पैसे देते’ असे लिहिले आहे. पण तुमच्याच वर्णनावरून तुमच्या फोनमध्ये पैसे देण्याच्या तीन निरनिराळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांचे खर्च एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिली व्यवस्था म्हणजे फोनमध्ये नोंदवलेले तुमचेच कार्ड, जे तुम्ही यंत्राजवळ फोन नेऊन वापरता. २०१४ मध्ये अ‍ॅपल पे सुरू झाले, पुढच्या वर्षी सॅमसंग पे आले, आणि अनेक देशांत गूगलचे वॉलेटही याच पद्धतीने चालते. इथे वॉलेट कंपनी तुमचे पैसे स्वतःकडे घेतच नाही. कार्डाच्या खऱ्या क्रमांकाऐवजी एक पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, दुकानदाराच्या यंत्राकडे जातो आणि पुढचा सारा प्रवास कार्डाच्याच वाटेने होतो. म्हणून तुमच्या दृष्टीने खर्च तोच राहतो जो प्लास्टिकचे कार्ड टेकवल्यावर आला असता. तेच व्याज, तेच वार्षिक शुल्क, तोच परदेशी चलनाचा अधिभार आणि तेच रिवॉर्ड गुण. फरक पडतो तो बहुतेक पडद्यामागे. उदाहरणार्थ, अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे ते कार्ड देणाऱ्या बँकेकडून अ‍ॅपल ०.१५ टक्के घेते; गूगल आणि सॅमसंग बँकांकडून असे काही घेत नाहीत. ही रक्कम ग्राहकाच्या पावतीवर दिसत नाही आणि दुकानदारालाही त्यासाठी वेगळे काही द्यावे लागत नाही.

दुसरी व्यवस्था म्हणजे शिल्लक ठेवणारे वॉलेट. आधी पैसे भरायचे आणि मग त्यातून खर्च करायचा. इथे मात्र पैसा प्रत्यक्ष कंपनीच्या ताब्यात जातो आणि शुल्क कुठेही लागू शकते: आत येताना, आत असताना किंवा बाहेर पडताना. केनियातील एम-पेसा ही सेवा २००७ पासून चालू आहे. तिथे पैसे भरायला ग्राहकाला काही पडत नाही, पण दुसऱ्याला पाठवताना आणि रोख काढताना रकमेच्या टप्प्यानुसार शुल्क लागते. चीनमध्ये वीचॅटने मार्च २०१६ पासून आणि अलीपेने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ठरावीक मोफत मर्यादेच्या वर बँकेत पैसे परत नेण्यावर ०.१ टक्के आकारायला सुरुवात केली. अमेरिकेत व्हेन्मो या पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपवरून एखाद्या परिचिताला क्रेडिट कार्डाच्या आधारे पैसे पाठवले तर ३ टक्के कापले जातात. तेच बँक खात्यातून पाठवले तर काहीच नाही. एकच अ‍ॅप, एकच बटण, आणि खर्च शून्य किंवा ३ टक्के, हे केवळ मागे कोणते खाते जोडले आहे त्यावर ठरते. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला या एका उदाहरणात दिसते.

तिसरी व्यवस्था म्हणजे बँक खात्यातून थेट दुसऱ्या बँक खात्यात. भारतातील यूपीआय २०१६ मध्ये आणि ब्राझीलमधील पिक्स नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाले. व्यक्तींनी खात्यातून केलेले असे व्यवहार दोन्ही ठिकाणी ग्राहकाला साधारणपणे मोफत असतात. ही व्यवस्था उपलब्ध असेल तिथे नेहमीच्या खर्चासाठी तीच सर्वांत स्वस्त ठरते आणि त्यावर याहून जास्त लिहिण्याची गरज नाही.

आता विवरणपत्रातल्या त्या तीन नोंदींकडे येतो, कारण खरे पैसे तिथे गेले आहेत.

तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे, की महिनाअखेरीस खात्यात रक्कम कमी असली की तुम्ही क्रेडिट कार्डावरून वॉलेटमध्ये पैसे भरता आणि गरज पडल्यास तिथून बँक खात्यात वळवता. या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. तुमच्या मनात ही ‘वॉलेट वापरण्याची’ कृती आहे; बँकेच्या दृष्टीने मात्र तुम्ही कार्डावर रोख रक्कम उचलली आहे. दुकानात कार्ड वापरले की बँकेला तिथे वस्तूची विक्री झालेली दिसते आणि बिलाच्या तारखेपर्यंतचा बिनव्याजी काळ तुम्हाला मिळतो. वॉलेटमध्ये पैसे भरले की बँकेला दिसते ते फक्त वॉलेट कंपनीचे नाव आणि तिचा वर्गीकरण क्रमांक, म्हणजे तिचा व्यवसाय कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारा आकडा. काही बँका अशा व्यवहाराला रोख उचल मानतात. तसे मानले गेले, की बिनव्याजी काळ लागू होत नाही आणि रक्कम निघाल्या दिवसापासून व्याज चढू लागते. म्हणूनच बिल मुदतीत आणि पूर्ण भरूनही व्याजाची ओळ उमटली. बँकेची ही चूक नाही आणि तुमच्याकडून उशीरही झालेला नाही. तो व्यवहारच वेगळ्या रकान्यात गेला.

आकडा मांडून पाहा. समजा तुम्ही १०० भरले आणि बँकेने भरणीचे शुल्क ३ टक्के लावले. कार्डाचा व्याजदर वर्षाला ३६ टक्के धरला, म्हणजे महिन्याला ३ टक्के, तर महिनाभराने फेडलेल्या शंभरामागे तुम्ही सहा गमावलेत. ते पैसे वॉलेटमधून खात्यात वळवताना आणखी एक टक्का कापला गेला, तर सात. मिळालेला कॅशबॅक दोन असला, तरी पदरचे पाच गेले. हे दर मी हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या कार्डाचे नेमके दर शुल्कपत्रकात सापडतील आणि ते आकडे घालून हाच हिशेब तुम्ही स्वतः करावा, अशी माझी विनंती आहे. शुल्कपत्रकात ‘वॉलेट भरणी’, ‘रोख उचल’ आणि ‘परदेशी चलन’ या तीनच ओळी शोधायच्या. बाकीचे पत्रक एरवी वाचले नाही तरी चालेल.

इथे तुम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तो दोष देण्यासाठी नाही. महिनाअखेरीस जी रक्कम कमी पडते ती दर महिन्याला साधारण सारखीच असते का? तसे असेल, तर वॉलेट आणि कार्ड हा तुमचा प्रश्न उरत नाही. तुम्ही दर महिन्याला एक छोटे, महागडे कर्ज घेत आहात आणि ते वॉलेटच्या पडद्यामुळे कर्जासारखे दिसत नाही. तेवढ्याच रकमेसाठी पगार जमा होणाऱ्या बँकेकडे ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही मर्यादेपर्यंत पैसे काढू देण्याची, सोय आहे का, एखाद्या हप्त्याची तारीख पगारानंतरच्या आठवड्यात हलवता येते का, हे विचारले तर खर्च बराच खाली येतो. ओव्हरड्राफ्टवरही व्याज असते, पण बहुधा ते कार्डावरच्या रोख उचलीपेक्षा कमी असते आणि भरणी-काढणीचे दुहेरी शुल्क वाचते. हप्त्याची तारीख बदलता आली तर मात्र काहीच खर्च नाही, म्हणून चौकशीची सुरुवात तिथून करा.

तिसरी नोंद परदेशी चलनातल्या वर्गणीची. परकीय चलनातल्या खरेदीवर कार्ड देणाऱ्या अनेक बँका सुमारे ३ टक्के अधिभार घेतात, मग ते कार्ड फोनमध्ये असो की पाकिटात. मात्र वर्गणी पेपालसारख्या मध्यस्थाकडून दिली आणि चलनाचे रूपांतर त्यानेच केले, तर त्याचा स्वतःचा दर लागतो आणि त्यात त्याची कमाई धरलेली असते. कधी बँकेचा दर बरा असतो, कधी मध्यस्थाचा. पैसे देण्यापूर्वी पडद्यावर दिसणारा विनिमयदर वाचणे एवढाच उपाय आहे. परदेशी दुकानाच्या यंत्रावर किंवा संकेतस्थळावर ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे का?’ असे विचारले गेले, तर नकार द्यावा आणि तिथल्याच चलनात द्यावे. हे रूपांतर दुकानदाराच्या बाजूने होते आणि त्याचा दर सहसा बँकेहून वाईट असतो. फोनने दिले तरी आणि कार्डाने दिले तरी हा नियम सारखाच लागू आहे.

आता दुकानातले ते दोन टक्के. कार्डावर दुकानदाराला प्रत्येक विक्रीमागे काही रक्कम द्यावी लागते. तिचा एक भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, ज्याला इंटरचेंज म्हणतात. उरलेला कार्डाचे जाळे चालवणाऱ्या कंपनीत आणि दुकानदाराला यंत्र देणाऱ्या बँकेत वाटला जातो. ही रक्कम सगळीकडे सारखी नाही. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या डेबिट कार्डांवर इंटरचेंजची कमाल मर्यादा ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डांवर ०.३ टक्के ठरवली. अमेरिकेत २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांना मर्यादा आहे, क्रेडिट कार्डांना नाही. मर्यादा नसेल तिथे दुकानदाराला क्रेडिट कार्ड बरेच महाग पडते, आणि तो बोजा ग्राहकावर टाकण्याची त्याची इच्छा समजण्यासारखी आहे. मात्र तो टाकता येतो की नाही हे कायदा ठरवतो. युरोपीय संघात जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या बहुतेक कार्डांवर वेगळा अधिभार घेण्यास मनाई आहे; ऑस्ट्रेलियात २००३ पासून दुकानदारांना तो घेण्याची मुभा मिळाली आणि पुढे तो प्रत्यक्ष खर्चापुरता मर्यादित करण्यात आला.

तेव्हा त्या दुकानात मोबाइलवर काही मागितले गेले नाही, याचा अर्थ मोबाइल फुकट आहे असा होत नाही. तुम्ही बहुधा खात्यातून थेट पैसे दिलेत, म्हणून दुकानदाराला काही पडले नाही. फोनमध्ये नोंदवलेले क्रेडिट कार्ड त्याच यंत्राला टेकवले असते, तर त्याचा खर्च प्लास्टिकइतकाच झाला असता. यूपीआयचे उदाहरण हे फार स्पष्ट दाखवते: जानेवारी २०२० पासून खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही, पण त्याच क्यूआर कोडवर वॉलेटच्या शिल्लकेतून २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले, तर एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यांपर्यंत इंटरचेंज लागते. ते दुकानदाराच्या बाजूने जाते, ग्राहकाकडून नाही. कोड तोच, फोन तोच, फक्त पैशाचा उगम बदलला.

कॅशबॅकविषयी माझे मत थोडे कठोर आहे. वॉलेट कंपनी तो देते ती सवय लावण्यासाठी, आणि तो बहुतेक वेळा वॉलेटमध्येच जमा होत असल्याने पुन्हा तिथेच खर्च होतो. शिवाय कार्डावरून वॉलेट भरल्यावर बँकेला खरे दुकान दिसत नाही, त्यामुळे ठरावीक प्रकारच्या खरेदीवर मिळणारे कार्डाचे गुण अनेकदा मिळत नाहीत. हे नुकसान विवरणपत्रावर कुठेही ओळ म्हणून उमटत नाही. ज्या खरेदीसाठी तुम्ही आधीच निघाला होतात तिच्यावर कॅशबॅक मिळाला तर जरूर घ्यावा. त्यासाठी वॉलेट भरायला मात्र जाऊ नये.

याला जोडून एक मुद्दा, जो वडिलांच्या ‘सोस’ या शब्दामागे असावा. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगितलेल्या लोकांनी त्याच वस्तूसाठी रोखीने देणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त बोली लावली होती. हा प्रयोग कार्डावरचा आहे, म्हणजे या बाबतीत वडिलांचे प्लास्टिकही निर्दोष ठरत नाही. फोनला एक बाजू अशी आहे, की प्रत्येक व्यवहाराची सूचना तत्काळ येते. ती तुम्ही बंद केली असेल तर आजच चालू करा.

खर्चाचा विचार करताना पैसे बुडाल्यास काय होते, हेही धरावे लागते. ब्रिटनमधील १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यानुसार १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली आणि विक्रेत्याने फसवले, तर कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते. फोनमध्ये नोंदवलेल्या कार्डाने पैसे दिले तर हे संरक्षण टिकते. मध्ये शिल्लक ठेवणारे वॉलेट आले, की बँक आणि विक्रेता यांच्यातला थेट दुवा तुटतो आणि संरक्षण हातचे जाऊ शकते. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँक खाती आणि कार्डांसाठी, तर जानेवारी २०१९ मध्ये वॉलेटसाठीही नियम केले, की त्रयस्थाने केलेला अनधिकृत व्यवहार ग्राहकाने विहित मुदतीत कळवला तर त्याच्यावर जबाबदारी येऊ नये. पहिले तीन दिवस इथे फार मोलाचे असतात. तिसरी गोष्ट वॉलेटमध्ये पडून राहिलेल्या रकमेची. अमेरिकेतील ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने जून २०२३ मध्ये इशारा दिला होता, की पेमेंट अ‍ॅपमधल्या शिल्लकेला बँकेतल्या ठेवीसारखे विमासंरक्षण असेलच असे नाही. अशा शिल्लकेवर सहसा व्याजही मिळत नाही.

म्हणून मोठी खरेदी, आगाऊ नोंदणी, प्रवासाची तिकिटे किंवा अनोळखी विक्रेता असेल, तर तुम्ही थेट कार्ड वापरावे, मग ते फोनमधले असो वा हातातले, आणि त्याचे बिल पूर्ण भरावे. रोजचा किरकोळ खर्च खात्यातून थेट करावा. शिल्लक ठेवणारे वॉलेट फक्त तिथे वापरावे जिथे दुसरा मार्ग चालत नाही, आणि तेव्हाही ते बँक खात्यातूनच भरावे. हाच क्रम इतर वाचकांनाही बहुतेक लागू पडेल. ज्यांना मुळात क्रेडिट कार्ड घ्यायचे नाही, त्यांच्यासाठी डेबिट कार्ड आणि खाते एवढे पुरेसे आहे. केवळ वॉलेटच्या सवलतीसाठी क्रेडिट कार्ड घेऊ नये.

वडिलांना काय सांगावे, हे तुम्ही मनापासून विचारले आहे. त्यांना सांगा, की शुल्क लागले हे त्यांनी बरोबर ओळखले आणि ते फोनमुळे न लागता क्रेडिट कार्डावरून वॉलेट भरल्यामुळे लागले. हे मान्य करण्यात तुमची बाजू कुठेही पडत नाही. त्यांना कार्ड सोडायला लावण्याचेही काही कारण मला दिसत नाही. फोनची बॅटरी संपली, फोन हरवला किंवा अ‍ॅप बंद पडले, तर घरात एक चालू कार्ड असणे उपयोगाचेच आहे. त्यांच्या कार्डाचे वार्षिक शुल्क किती आहे आणि एटीएममधून ते महिन्याला किती वेळा पैसे काढतात, हे मात्र एकदा विचारून पाहा. मोफत संख्येपेक्षा जास्त वेळा काढत असतील, तर तिथेही शुल्क जात असेल आणि ते त्यांच्या ध्यानात आले नसेल.

शेवटी दोन तातडीची कामे. कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी कळवा, की हा व्यवहार रोख उचल म्हणून धरला जाईल याची तुम्हाला कल्पना नव्हती आणि शुल्क व व्याज एकदा माफ करावे. अशी विनंती मान्य करणे बँकेवर बंधनकारक नाही, पण बिल नेहमी वेळेवर भरणाऱ्या ग्राहकाने प्रथमच मागितले तर ती मान्य होण्याची शक्यता असते. आणि वॉलेटमध्ये आत्ता जी शिल्लक आहे, ती ‘तत्काळ’ हस्तांतराचा पर्याय न निवडता साध्या हस्तांतराने बँक खात्यात आणा. पेपालसारख्या सेवा तत्काळ हस्तांतरावर शुल्क घेतात आणि साध्या हस्तांतराला घेत नाहीत. तुमच्या वॉलेटमध्ये असा मोफत पर्याय नसेल, तर ती रक्कम बाहेर काढू नका. नेहमीच्या खरेदीत संपू द्या आणि नव्याने भरू नका.